टेकडीवरच्या एका ओळीसाठी : ऐहोळेचे चार दिवस

पहिला दिवस : सोलापूर ते ऐहोळे

आमच्या माहेरचे कुलदैवत बदामीजवळची बनशंकरी. घरात लग्नकार्य पार पडले, की देवीची ओटी भरायला जायचे हा पिढ्यान्‌पिढ्यांचा शिरस्ता असल्यामुळे लहानपणापासून बदामीला सात-आठ वेळा तरी माझे जाणे झाले असेल. प्रत्येक वेळी सोलापूरहून निघायचे, दर्शन घ्यायचे, वेळ उरलाच तर बदामीची लेणी पाहायची आणि परतीची गाडी गाठायची. तेथून जेमतेम ३५ किलोमीटरवर असलेल्या ऐहोळे या गावी मात्र आमच्यापैकी कोणीही कधी गेले नव्हते. माझी थोरली बहीण तीस वर्षे शाळेत संस्कृत शिकवत होती. ऐहोळेच्या मेगुती टेकडीवर एक जैन मंदिर आहे, त्याच्या भिंतीवर रविकीर्ती नावाच्या कवीने रचलेली, बदामीच्या चालुक्य घराण्यातील राजा दुसऱ्या पुलकेशीची प्रशस्ती म्हणजे स्तुतिकाव्य कोरलेले आहे आणि तिच्यात ‘महाराष्ट्रक’ हा शब्द आलेला आहे, हे तिने दरवर्षी वर्गात सांगितले; पण तो दगड तिने स्वतः पाहिलेला नव्हता. या वर्षी भाच्याच्या लग्नानंतर ओटीचा विषय निघाला, तेव्हा ती म्हणाली, “या खेपेस मुक्काम ऐहोळेलाच करू. ती ओळ बघितल्याशिवाय मला परतायचे नाही.” अशा रीतीने मार्गशीर्षात आम्ही दोघी बहिणी निघालो.

होटगीला मुख्य लोहमार्ग सोडून गाडी दक्षिणेकडे वळते. भीमा ओलांडल्यावर दोन्ही बाजूंना काळी, सपाट जमीन पसरत जाते. ज्वारी पोटरीत आलेली, मधूनमधून तुरीचे पट्टे आणि क्षितिजावर विजापूरचा गोलघुमट. आलमट्टीजवळ कृष्णा लागते आणि बागलकोट मागे पडले, की काळ्या मातीतून तांबड्या वालुकाश्माच्या टेकड्या वर येऊ लागतात. पुढच्या चार दिवसांत जे जे पाहिले ते सारे या एका दगडाचे देणे होते. हा दगड थरांमध्ये फुटतो, छिन्नीला मऊ लागतो आणि तरीही शतकानुशतके टिकतो.

बदामी स्थानकावरून आम्ही थेट बनशंकरीला गेलो. सिंहावर बसलेली, आठ हातांची, काळ्या पाषाणातील देवी; समोर हरिद्रातीर्थ हे दगडी ओवऱ्यांनी वेढलेले मोठे तळे. देवीचे दुसरे नाव शाकंभरी. पौष शुद्ध अष्टमीपासून पौर्णिमेपर्यंत तिचे नवरात्र असते आणि त्या वेळी भाज्यांच्या १०८ प्रकारांचा नैवेद्य दाखवला जातो. आम्ही नवरात्राच्या आधी गेल्यामुळे गर्दी नव्हती. ओटी भरून बाहेर आलो, तर झाडाखाली टोपल्या घेऊन बसलेल्या बायकांनी हाक मारली. ज्वारीची पातळ भाकरी, शेंगदाण्याची चटणी, मटकीची उसळ, वांग्याचे भरीत आणि मडक्यातले दही त्या पानावर वाढतात. आमची आजी याच झाडांखाली जेवल्याची आठवण सांगत असे, म्हणून ताईने देवळाइतक्याच भक्तिभावाने ते जेवण घेतले.

संध्याकाळी जीपने ऐहोळेला पोहोचलो, तेव्हा दिवेलागण झाली होती. आधी फोनवरून ठरवून ठेवलेल्या एका घरी आमची उतरण्याची सोय होती. घरातील आजींनी इरकली लुगडे आणि खणाची चोळी घातलेली होती. इलकल हे गाव येथून जवळच आणि चोळीचा खण ज्या गुळेदगुड्डहून येतो तेही फार लांब नाही. सोलापूर-सातारा-कोल्हापूरकडच्या आमच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या वापरले गेलेले कापड ज्या मुलखात विणले जाते, त्या मुलखात आपण बसलो आहोत, हे मला तिथे त्यांच्यासमोर बसल्यावर पहिल्यांदा नीट जाणवले. सोलापुरात राहिल्यामुळे आम्हाला कामापुरते कन्नड येते. आजींनाही मराठीचे थोडे शब्द ठाऊक होते. तेवढ्यावर रात्री उशिरापर्यंत बोलणे चालले.

दुसरा दिवस : देवळांत वसलेले गाव

ऐहोळे हे बागलकोट जिल्ह्यातील, मलप्रभा नदीच्या काठावरचे छोटे गाव. या गावात आणि आसपास १२० हून अधिक देवळे आहेत. ही संख्या वाचून जे चित्र मनात उभे राहते, ते प्रत्यक्षाशी जुळत नाही, कारण ही देवळे एका आवारात मांडून ठेवलेली नाहीत. ती गल्लीत आहेत, गोठ्याला लागून आहेत, परसात आहेत, शेताच्या बांधावर आहेत. एके काळी लोक त्यांच्यातच राहत होते. पुरातत्त्व विभागाने हळूहळू मुख्य देवळांभोवतीची वस्ती हलवली, तरी माणसांचे हे राहणे देवळांच्या नावांत शिल्लक आहे. अंबिगेर गुडी म्हणजे नावाड्यांचे देऊळ, बडिगेर गुडी सुतारांचे, गौडर गुडी पाटलाचे. लाडखान देवळाचे नावही तेथे कधी काळी राहिलेल्या एका माणसावरून पडले. ज्या राजांनी आणि व्यापाऱ्यांनी ही मंदिरे बांधवली, त्यांची नावे पुसली गेली आणि त्यांत चूल मांडणाऱ्यांची टिकली. मला हे फार भावले.

व्यापाऱ्यांचा उल्लेख येथे मुद्दाम करते. ऐहोळेचे जुने नाव अय्यावोळे आणि संस्कृतात आर्यपूर. मध्ययुगात दक्षिण भारतभर व्यापार करणारी ‘अय्यावोळे पाचशे’ ही श्रेणी म्हणजे व्यापाऱ्यांची संघटना या गावाचे नाव मिरवत असे. कोल्हापूर आणि मिरजेकडील शिलाहारकालीन लेखांतही या वीर बणंजांचा म्हणजे या व्यापाऱ्यांचा उल्लेख येतो. म्हणजे आज दिवसाकाठी मोजक्या एसटी गाड्या येणाऱ्या या खेड्याचे नाव सांगून एके काळी मिरजेच्या बाजारात माल विकला जात होता.

सकाळी प्रथम दुर्ग मंदिर पाहिले. नावामुळे ते दुर्गादेवीचे वाटते, पण ते नाव दुर्गावरून म्हणजे किल्ल्यावरून आले आहे, कारण पुढच्या काळात या देवळाचा तटबंदीत समावेश झाला होता. प्रवेशद्वारावरील लेखावरून मुळात ते सूर्याचे मंदिर असावे, असे अभ्यासक मानतात. त्याची मागची बाजू गोलाकार आहे; हत्तीच्या पाठीसारखी म्हणून तिला गजपृष्ठ म्हणतात. गर्भगृहाभोवती खांबांची मोकळी ओवरी फिरते आणि प्रदक्षिणा करताना एकेका कोनाड्यातून देव समोर येत जातात : नंदीवर रेललेला शिव, नरसिंह, गरुडावरचा विष्णू, भूदेवीला उचलणारा वराह, महिषासुरमर्दिनी, हरिहर. ताईने तीन प्रदक्षिणा घातल्या. पहिली देवासाठी, दुसरी शिल्पांसाठी आणि तिसरी सावल्यांसाठी, असे तिने सांगितले. आणि खरोखरच खांबांमधून आत येणारे कोवळे ऊन प्रत्येक मूर्तीवर वेगळ्या कोनातून पडत असल्यामुळे महिषासुरमर्दिनीचा त्रिशूळ दर फेरीत निराळाच भासत होता. वरचे शिखर अर्धवट उरले आहे आणि त्याचा खोबणीदार आमलक, म्हणजे शिखराच्या माथ्यावरचा चकतीसारखा दगड, खाली गवतात ठेवलेला आहे. तो इतक्या जवळून पाहायला मिळाल्यावर शिखरावर असताना त्याचे आकारमान डोळ्यांना किती फसवत असेल, याची कल्पना आली.

लाडखान देवळापाशी आमचा सर्वांत अधिक वेळ गेला. पूर्वी ते पाचव्या शतकातील मानले जाई. आता अभ्यासक त्याचा काळ सातव्या शतकाच्या अखेरीकडे किंवा आठव्याच्या आरंभी आणतात. बाहेरून ते देवळापेक्षा एखाद्या चावडीसारखे दिसते : चौकोनी, बसके, उतरत्या दगडी छपराचे. या छपराच्या शिळांचे सांधे झाकण्यासाठी त्यांवर लांबट, गोलसर दगडी पट्ट्या बसवल्या आहेत. लाकडी घराच्या छपरावर ओंडके टाकावेत अगदी तशा. सुतारकामाची सवय असलेल्या हातांनी प्रथमच दगड हाताळायला घेतला, की असे होते. भिंतींतील दगडी जाळ्या, मध्यभागी नंदी, त्याभोवती चौकोनात उभे असलेले खांब आणि छतावर आणखी एक लहानसे गर्भगृह, ही सारी रचना पाहताना देऊळ कसे असावे याचा निर्णय अजून झालेला नाही, असे सतत वाटत राहते. ऐहोळेला मंदिरस्थापत्याची प्रयोगशाळा म्हणतात ते याच कारणाने. पलीकडच्याच देवळावर उत्तरेकडच्या धाटणीचे शिखर आहे, त्याच्यापुढच्यावर सपाट छप्पर आहे आणि आणखी पुढे पायऱ्यापायऱ्यांचा दाक्षिणात्य थाट.

आवारातील संग्रहालयात मेगुती मंदिरातून आणलेली अंबिकेची मूर्ती आहे. उद्या जेथे जायचे त्या घरातील माणूस आदल्या दिवशी वाटेत भेटावे, तशी आम्ही तिची भेट घेतली.

दुपारी रावळफडी या सहाव्या शतकातील लेण्यात गेलो. बाहेर एक नंदी आणि खोबणीदार गोल दगडी बैठक आहे. आत पाऊल टाकले, की डाव्या हाताच्या दालनात दहा हातांचा शिव नाचत असतो, त्याच्या बाजूला पार्वती आणि गणेश, आणि भोवती सप्तमातृका. त्यांचे उंच मुकुट आणि बारीक चुण्यांची नेसूची वस्त्रे दगडात इतकी हळुवार उतरली आहेत, की आम्ही खणांच्या मुलखात आलो आहोत हे मला पुन्हा आठवले. त्या दालनात कोणीही नव्हते. आम्ही दोघी तेथील गार जमिनीवर तासभर बसून राहिलो.

तिसरा दिवस : मेगुती आणि पट्टदकल

सूर्योदयाबरोबर मेगुतीची टेकडी चढायला सुरुवात केली. चढण फार मोठी नाही, दगडी पायऱ्या आहेत. परंतु ताईचे गुडघे दुखत असल्यामुळे अर्ध्या वाटेवरच्या दुमजली बौद्ध विहारापाशी आम्ही थांबलो. त्याचा काही भाग खडकात कोरलेला आणि काही बांधून काढलेला आहे. म्हणजे एकाच टेकडीवर खाली बौद्ध विहार, माथ्यावर जैन मंदिर आणि पायथ्याला शिव-विष्णूंची देवळे; शिवाय माथ्यावर मंदिरामागे मोठमोठ्या शिळा उभ्या करून वर आडवी शिळा ठेवलेली महापाषाणकालीन थडगी. चालुक्य येथे आले तेव्हाही हे दगड जुनेच होते.

मेगुती म्हणजे मेगुडी, ‘वरचे देऊळ’. लांबून ते ओकेबोके दिसते, कारण त्याचे शिखर नाही आणि बाहेरचे पुष्कळ कोनाडे रिकामे आहेत. पूर्वेकडील बाहेरच्या भिंतीवर तो लेख आहे : १९ ओळी, भाषा संस्कृत, लिपी त्या काळची दाक्षिणात्य वळणाची. शिलालेख म्हटल्यावर आपण ज्या भव्यतेची अपेक्षा करतो ती त्यात नाही. भिंतीच्या दगडावर दाट, बारीक अक्षरांच्या रांगा आहेत, इतकेच. सकाळचे ऊन भिंतीवर समोरून पडत असल्यामुळे अक्षरे जवळजवळ दिसतच नव्हती. ताईचा चेहरा उतरला. तेथील राखणदार हे पाहत होते. ते म्हणाले, “अक्का, घाई करू नका. ऊन वर येऊ द्या, मग अक्षरे बाहेर येतात.” आम्ही कट्ट्यावर बसून राहिलो. अकराच्या सुमारास ऊन भिंतीला घासून वरून उतरू लागले आणि प्रत्येक अक्षराच्या खाचेत सावली भरली. पाहता पाहता सगळी भिंत लिहिलेली दिसू लागली.

ताईने देवनागरीत छापलेले वाचन सोबत आणले होते. आरंभी जिनेंद्राला वंदन, मग चालुक्यांची वंशावळ आणि नंतर दुसऱ्या पुलकेशीचे पराक्रम. वनवासीचे कदंब, गंग, आळुप ही राजघराणी, मग कोकणचे मौर्य आणि पश्चिम समुद्राची लक्ष्मी म्हणून गौरवलेली पुरी, जिच्यावर शेकडो नौकांनी चाल करून पुलकेशीने ती जिंकली. ही पुरी म्हणजे मुंबईजवळची घारापुरी, असे मत अनेकांनी मांडले आहे. उत्तरेच्या हर्षवर्धनाविषयीचा प्रसिद्ध श्लेष पुढे येतो : ‘भयविगलितहर्षो येन चाकारि हर्षः’, ज्याने हर्षालाच भीतीने हर्षहीन करून टाकले. आणि मध्याच्या थोडे खाली, आम्ही ज्यासाठी आलो होतो ती ओळ : ‘अगमदधिपतित्वं यो महाराष्ट्रकाणां नवनवतिसहस्रग्रामभाजां त्रयाणाम्’. ९९ हजार गावे असलेल्या तीन महाराष्ट्रकांचे आधिपत्य त्याला मिळाले.

ती लिपी आम्हा दोघींनाही वाचता येत नव्हती. परंतु ताईने युक्ती काढली. जोडाक्षरात एकाखाली एक वर्ण लिहिण्याची पद्धत असल्यामुळे ‘ष्ट्र’ हे अक्षर तीन मजली असणार, तेव्हा तेच शोधायचे, असे तिने ठरवले. तिने ओळीतील अक्षरे मोजत बोट हवेत फिरवायला सुरुवात केली, दगडाला स्पर्श होऊ नये म्हणून वीतभर अंतर राखून. दोनदा चुकली, पुन्हा आरंभापासून मोजू लागली आणि एका जागी थांबली. ‘ष’, त्याखाली ‘ट’, त्याखाली ‘र’ची वळलेली रेघ. ती काही बोलली नाही. तिने चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा डोळ्यांवर चढवून त्या अक्षराकडे पाहत राहिली. राखणदारांनी आम्ही काय शोधले ते विचारले, तेव्हा मी माझ्या मोडक्या कन्नडमध्ये सांगितले, की आमच्या प्रांताचे नाव तुमच्या टेकडीवर लिहिलेले आहे. ते हसून म्हणाले, “मग घर दोघांचे.”

लेखात काळ दोन प्रकारांनी दिला आहे : भारतीय युद्धापासून ३७३५ वर्षे आणि शककाळाची ५५६ वर्षे लोटल्यावर, म्हणजे इ.स. ६३४ च्या सुमारास हे जिनमंदिर उभे राहिले. शेवटी रविकीर्ती स्वतःविषयी सांगतो, की काव्याच्या बळावर आपण कालिदास आणि भारवी यांची कीर्ती मिळवली आहे. कालिदासाचे नाव ज्या लेखात निश्चित सनासह आढळते, असा हा सुरुवातीचा मोलाचा पुरावा असल्यामुळे कालिदासाच्या काळाविषयीच्या प्रत्येक चर्चेत या भिंतीचा आधार घ्यावा लागतो. ताई म्हणाली, “त्याने स्वतःची इतकी स्तुती केली नसती, तर आपल्याला एवढे कळले नसते.” पुढे पुलकेशीच्याच काळात चिनी प्रवासी ह्युएन त्संग या मुलखात आला आणि त्यानेही या राज्याला महाराष्ट्र याच अर्थाचे नाव वापरले. राजधानी वातापी म्हणजे बदामी, कवी ऐहोळेचा, आणि देशाचे नाव महाराष्ट्र. आजच्या नकाशावरील सीमा मनात घेऊन गेलेल्या माणसाला हे समजायला थोडा वेळ लागतो. मला तो त्या कट्ट्यावर मिळाला.

दुपारी १४ किलोमीटरवरील पट्टदकलला गेलो. मलप्रभा येथे उत्तरवाहिनी होते, म्हणून ही जागा पवित्र मानली गेली आणि चालुक्य राजांचे पट्टाभिषेक येथे होऊ लागले. १९८७ साली हा मंदिरसमूह जागतिक वारशाच्या यादीत आला. ऐहोळेच्या गल्ल्यांतून आल्यावर येथील हिरवळ आणि आखीव वाटा प्रथम परक्या वाटल्या. पण विरूपाक्ष मंदिरात शिरताच तो परकेपणा गेला, कारण तेथे आजही पूजा चालते. दुसऱ्या विक्रमादित्याने कांचीच्या पल्लवांवर मिळवलेल्या विजयाच्या स्मरणार्थ त्याची राणी लोकमहादेवी हिने ते बांधवले. विशेष असे, की कांची जिंकूनही विक्रमादित्याने तेथील कैलासनाथ मंदिराची संपत्ती देवाला परत केली आणि तसा लेख त्या मंदिरातच कोरवून ठेवला. त्या कैलासनाथाची छाप विरूपाक्षावर आहे. आणि पुढे राष्ट्रकूटांनी चालुक्यांचे राज्य घेतल्यावर कृष्ण राजाच्या काळात वेरूळला जे कैलास लेणे कोरले गेले, त्याच्यासमोर विरूपाक्षाचा नमुना होता असे मानले जाते. कांची, पट्टदकल, वेरूळ. वेरूळचे कैलास मी चार वेळा पाहिले आहे. विरूपाक्षाच्या मंडपातून बाहेर पडून नंदीकडे वळले, तेव्हा तोच आराखडा पायांना ओळखीचा वाटला.

शेजारचे मल्लिकार्जुन मंदिर धाकट्या राणीचे, त्रैलोक्यमहादेवीचे. संगमेश्वर त्याहून जुने, विजयादित्याच्या काळातले. पापनाथाच्या भिंतीवर रामायणातील प्रसंग नावांसकट कोरलेले आहेत. ते पाहीपर्यंत ऊन कलले आणि आम्ही ऐहोळेला परतलो.

चौथा दिवस : बदामी

सकाळी आजींचा निरोप घेतला. त्यांनी आम्हा दोघींची खणा-नारळाने ओटी भरली. खण गुळेदगुड्डचा होता.

बदामीची चार लेणी पूर्वी पाहिली असल्यामुळे या वेळी मुख्यतः तिसऱ्या लेण्यासाठी वर गेलो. कीर्तिवर्मा राजाचा भाऊ मंगलेश याने शके ५०० मध्ये, म्हणजे इ.स. ५७८ साली, कार्तिकी पौर्णिमेला विष्णूच्या या लेण्याचा धर्मादाय केल्याचा लेख तेथे आहे. शेषावर बसलेला विष्णू, पाय आभाळात झेपावलेला त्रिविक्रम आणि खांबांच्या वरच्या टोकांना तोलून धरणारी युगुले. लहानपणी हे सारे धावत पाहिले होते. कड्यावर वरच्या बाजूला पहिल्या पुलकेशीने शके ४६५ म्हणजे इ.स. ५४३ मध्ये हा डोंगर तटबंदीने दुर्गम केल्याची नोंद आहे. चालुक्यांची राजधानी तेथून सुरू होते.

उतरून अगस्त्य तळ्याकाठी गेलो. याच गावात एका खडकावर पल्लव राजा नरसिंहवर्म्याचा झिजलेला लेख आहे. मेगुतीची प्रशस्ती कोरल्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, इ.स. ६४२ मध्ये, त्याने वातापी जिंकली आणि स्वतःला वातापिकोंड, म्हणजे वातापी घेणारा, म्हणवले. रविकीर्तीने ज्याच्या पराक्रमाला अंत नाही असे लिहिले, त्या पुलकेशीचा शेवट या आक्रमणातच झाला असावा. ताईने वहीत दोन्ही वर्षे एकाखाली एक लिहिली आणि त्यांखाली, मेगुतीवर पाहून ठेवलेले ते तीन मजली अक्षर आठवून काढायचा प्रयत्न केला. पहिल्या दोन खेपांना ते जमले नाही. तिसऱ्या वेळी ‘ट’खालची रेघ बरोबर वळली, तेव्हा तिने वही मिटली आणि आम्ही स्थानकाकडे जाणारी रिक्षा थांबवली.